संगनमताचा आरोप आणि बंद लिफाफ्यातील तडजोड : कॉलिन कॅपरनिक व एनएफएल प्रकरणाचा अभ्यास

१५ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल चालवणारी नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, आणि कॉलिन कॅपरनिक व एरिक रीड या दोन खेळाडूंचे वकील यांनी एक अत्यंत त्रोटक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. गेले काही महिने दोन्ही बाजूंमध्ये बोलणी सुरू होती, त्यांतून क्लबांनी संगनमताने रोजगार नाकारल्याच्या प्रलंबित तक्रारी मिटवण्याचे ठरले आहे आणि तडजोडीच्या अटी गोपनीय असल्यामुळे यापुढे कोणतीही बाजू भाष्य करणार नाही, एवढाच त्याचा आशय होता. सोळा महिने चाललेला, देशाच्या राष्ट्राध्यक्षांपासून क्रीडासाहित्य विकणाऱ्या कंपन्यांपर्यंत सर्वांना आपल्यात ओढणारा हा वाद अंतिम सुनावणी तोंडावर आलेली असताना संपला.

या प्रकरणाची चर्चा बहुधा राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसणे योग्य की अयोग्य, या एकाच मुद्द्याभोवती फिरत राहते. लवादापुढे तो मुद्दा कधीच नव्हता. तेथे विचारला गेलेला प्रश्न फार मर्यादित, तांत्रिक आणि सिद्ध करण्यास अवघड असा होता. तो काय होता, त्याचे उत्तर देण्याची वेळ जवळ आली असताना दोन्ही बाजूंनी माघार का घेतली आणि त्या माघारीत नेमके काय हातचे गेले, हे या लेखात पाहायचे आहे.

खेळाडू आणि त्याची कृती

कॅपरनिकचा जन्म १९८७चा. नेवाडा विद्यापीठाकडून खेळलेल्या या क्वार्टरबॅकला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या क्लबाने २०११च्या खेळाडू निवडीत दुसऱ्या फेरीत घेतले. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाची प्रत्येक चाल सुरू करणारा खेळाडू. संघाचे यशापयश बहुतांशी त्याच्या निर्णयांवर ठरते आणि पगारही सहसा त्याचाच सर्वाधिक असतो. २०१२च्या मोसमाच्या मध्यावर नियमित क्वार्टरबॅक जखमी झाला तेव्हा कॅपरनिकला संधी मिळाली आणि त्याच मोसमात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले. फेब्रुवारी २०१३मधील तो अंतिम सामना बाल्टिमोर रेव्हन्सने ३४-३१ असा जिंकला. पुढच्या काही वर्षांत दुखापती झाल्या, प्रशिक्षक बदलले आणि संघाची घसरण होत गेली. २०१६च्या मोसमात त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या अकरा सामन्यांपैकी संघाला केवळ एक जिंकता आला. तरीही त्याची वैयक्तिक आकडेवारी १६ टचडाउन पास (गुण मिळवून देणाऱ्या फेकी) आणि फक्त ४ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या फेकी) अशी होती. ही दोन्ही वस्तुस्थिती एकत्र लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढे प्रत्येक बाजूने यांतली आपल्याला सोयीची तेवढीच पुढे केली.

२०१६च्या ऑगस्टमध्ये, मोसमपूर्व सामन्यांच्या वेळी, राष्ट्रगीत सुरू असताना तो बाकावर बसून राहत असल्याचे लोकांच्या ध्यानात आले. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की, जो देश कृष्णवर्णीयांवर आणि इतर वर्णाच्या लोकांवर जुलूम करतो, त्याच्या ध्वजाबद्दल अभिमान दाखवण्यासाठी आपण उभे राहणार नाही. पोलिसांच्या हातून होणाऱ्या हत्या आणि त्यांबद्दल कोणालाही शिक्षा न होणे, हा त्याच्या आक्षेपाचा गाभा होता. त्यानंतर, सैन्याच्या विशेष दलात सेवा केलेला माजी खेळाडू नेट बॉयर याच्याशी झालेल्या चर्चेतून बसण्याऐवजी एका गुडघ्यावर टेकण्याचा पर्याय पुढे आला. १ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन डिएगो येथील सामन्यापूर्वी कॅपरनिक प्रथमच गुडघ्यावर टेकला. शेजारी त्याचा सहकारी एरिक रीड होता. सैनिकांचा अवमान होऊ नये म्हणून एका माजी सैनिकाच्या सल्ल्याने निवडलेली ही पद्धत पुढे सैन्यद्रोहाचे चिन्ह म्हणून रंगवली गेली. या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा अन्याय मला येथेच दिसतो.

त्या मोसमात लीगने त्याच्यावर कारवाई केली नाही. खेळाडूंनी उभे राहावे असे आम्हाला वाटते, पण तशी सक्ती नाही, अशी लीगची जाहीर भूमिका होती. त्यामुळे शिक्षेला आव्हान देण्याचा मार्ग त्याच्यासमोर खुला नव्हता, कारण शिक्षाच झालेली नव्हती.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दावा का नव्हता

भारतीय वाचकाला येथे पहिला प्रश्न पडेल तो घटनेचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३मध्येच वेस्ट व्हर्जिनियातील यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या शाळकरी मुलांच्या खटल्यात ध्वजवंदनाची सक्ती घटनाबाह्य ठरवली होती. त्याच पंथाच्या केरळमधील मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले गेले, तेव्हा १९८६च्या बिजो इमॅन्युएल निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मुलांच्या बाजूने कौल दिला. मग कॅपरनिकने हाच आधार का घेतला नाही?

याचे कारण असे की अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती शासनाला बांधते, खासगी मालकाला नाही. सार्वजनिक शाळा ही शासनाची संस्था आहे. फोर्टीनाइनर्स हा खासगी क्लब आहे. कामाच्या ठिकाणी केलेल्या राजकीय कृतीमुळे एखाद्या क्लबाने स्वतःच्या निर्णयाने त्याला नोकरी नाकारली असती, तर त्याविरुद्ध घटनेच्या आधारे न्यायालयात उभे राहणे जवळजवळ अशक्य होते. क्लबाने तसे उघडपणे सांगितले असते तरी चित्र फारसे बदलले नसते. म्हणून त्याच्या वकिलांना दाव्याची जागा वेगळीकडे शोधावी लागली, आणि ती सापडली कामगार करारात.

२०१७ची बाजारपेठ

मार्च २०१७मध्ये कॅपरनिकने आपल्या करारातील तरतूद वापरून फोर्टीनाइनर्सशी असलेले बंधन संपवले. नव्या व्यवस्थापनाने पुढे मान्य केले की तो स्वतः बाहेर पडला नसता तर त्याला मुक्त केले जाणारच होते. तेव्हापासून तो कोणत्याही क्लबाशी करार करण्यास मोकळा होता. वय २९, अंतिम सामन्याचा अनुभव आणि आधीच्या मोसमातील ठीकठाक कामगिरी, एवढी शिदोरी असलेल्या क्वार्टरबॅकला निदान राखीव खेळाडू म्हणून कोणीतरी घेईल अशी सर्वसाधारण अपेक्षा होती.

तसे झाले नाही. सिॲटल सीहॉक्सने त्याला भेटीसाठी बोलावले. प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी तो पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होण्याच्या योग्यतेचा असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि क्लबाने राखीव जागेसाठी दुसऱ्या खेळाडूला घेतले. बाल्टिमोरमध्ये मालक स्टीव्ह बिशॉटी यांनी चाहत्यांचे मत अजमावत असल्याचे बोलून दाखवले. मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक ऑगस्टमध्ये जखमी झाला, तेव्हा निवृत्ती घेऊन दूरचित्रवाणीवर समालोचक होऊ घातलेल्या जे कटलरला त्या क्लबाने एका वर्षासाठी एक कोटी डॉलर देऊन परत मैदानात आणले.

दरम्यान मार्च महिन्यातच राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी केंटकीतील सभेत बढाई मारली होती की, आपल्या बोचऱ्या ट्वीटच्या भीतीने मालक कॅपरनिकला घेत नाहीत असे वृत्त आले आहे. सप्टेंबरमध्ये अलाबामातील हंट्सव्हिलच्या सभेत त्यांनी, गुडघे टेकणाऱ्या खेळाडूला मालकांनी मैदानाबाहेर हाकलावे, असे शिवीगाळ करत सांगितले. त्याच आठवड्याच्या शेवटी दोनशेहून अधिक खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी बसले किंवा गुडघ्यावर टेकले. एका खेळाडूचा निषेध होता तो आता मालकवर्गाची मोठी डोकेदुखी झाला होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १५ ऑक्टोबर २०१७ रोजी, कॅपरनिकने तक्रार दाखल केली.

कलम १७ : प्रश्नाचे खरे स्वरूप

एनएफएल ही ३२ स्वतंत्र क्लबांची संघटना आहे. प्रत्येक क्लब ही वेगळी कंपनी आहे, आणि या कंपन्या आपसांत संगनमत करू शकतात, म्हणजे त्यांना एकच व्यावसायिक संस्था मानता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या अमेरिकन नीडल निकालात एकमताने सांगितले होते. एरवी ३२ कंपन्यांनी मिळून कामगारांच्या एकूण पगारावर मर्यादा घातली किंवा नव्या खेळाडूने कोणाकडे काम करायचे हे ठरवून टाकले, तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरेल. फुटबॉलमध्ये हे चालते, कारण खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारात त्याला संमती दिलेली असते. या संमतीच्या मोबदल्यात खेळाडूंना काही संरक्षणे मिळतात, त्यांतले एक महत्त्वाचे संरक्षण म्हणजे २०११च्या करारातील कलम १७.

या कलमानुसार कोणताही क्लब, त्याचे कर्मचारी किंवा प्रतिनिधी यांना लीगशी वा दुसऱ्या क्लबाशी असा उघड किंवा अध्याहृत समझोता करता येत नाही, ज्यामुळे एखाद्या खेळाडूशी वाटाघाटी कराव्यात की नाहीत, त्याला प्रस्ताव द्यावा की नाही, याबाबतच्या क्लबाच्या स्वतंत्र निर्णयावर मर्यादा पडेल. सोप्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक क्लबाला कॅपरनिक नको असण्याचा अधिकार आहे. पण तो कोणालाच मिळू नये असे दोन क्लबांनी, किंवा लीग आणि एका क्लबाने, मिळून ठरवण्याचा अधिकार नाही.

खरी अडचण पुराव्यात आहे. तक्रारदाराने उल्लंघन आणि त्यातून झालेले आर्थिक नुकसान, दोन्ही पुराव्याच्या स्पष्ट वरचढपणाने सिद्ध करावे लागते. याहून कठीण अट पुढे येते. क्लबांनी एखाद्या मोकळ्या खेळाडूशी बोलणी केली नाहीत किंवा त्याला प्रस्ताव दिला नाही, एवढ्या गोष्टीने संगनमत सिद्ध होत नाही, आणि या वस्तुस्थितीला केवळ त्या खेळाडूच्या कौशल्याच्या पुराव्याची जोड दिली तरीही होत नाही, असे करारातच लिहिलेले आहे. म्हणजे २०१७ आणि २०१८मध्ये वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवर आणि समाजमाध्यमांवर ज्या हिरिरीने कॅपरनिकची आकडेवारी इतर क्वार्टरबॅकच्या आकडेवारीशेजारी मांडली जात होती, तो सगळा युक्तिवाद लवादापुढे एकटा उभा राहू शकत नव्हता. ‘कटलरला घेतले, मग याला का नाही?’ हा प्रश्न लोकांच्या दृष्टीने निर्णायक असला तरी कलम १७च्या दृष्टीने अपुरा होता. आणखी काहीतरी हवे होते. पत्रव्यवहार, संदेश, बैठकीतील संभाषण, मध्यस्थाने पोहोचवलेला निरोप, अशा स्वरूपाचे काहीतरी.

बेसबॉलशी तुलना केली की ही अडचण किती मोठी होती ते कळते. १९८५ ते १९८७ या काळात बेसबॉल क्लबांच्या मालकांनी मोकळ्या खेळाडूंना प्रस्तावच न देण्याचा पवित्रा घेतला होता. लवादांनी संगनमत झाल्याचे ठरवले आणि १९९०मध्ये मालकांनी २८ कोटी डॉलर देऊन ते वाद मिटवले. तेथे सारा बाजारच गोठला होता; अनेक नामवंत खेळाडूंना एकाच वेळी एकही प्रस्ताव येत नव्हता, आणि तो आकृतिबंधच बोलका होता. येथे बाजार नेहमीसारखा चालू होता, इतर क्वार्टरबॅक करार करत होते, फक्त एका माणसासाठी दारे बंद होती. एका खेळाडूविरुद्धचे संगनमत सिद्ध करणे अनेकांविरुद्धच्या संगनमतापेक्षा अवघड असते, कारण ३२ मालकांना एकाच भीतीने स्वतंत्रपणे ग्रासले होते, हा बचाव तेथे सहज उपलब्ध असतो. तिकिटे खपणार नाहीत, प्रायोजक नाराज होतील, राष्ट्राध्यक्ष नाव घेऊन टीका करतील, ही भीती वाटण्यासाठी कोणाला कोणाशी बोलण्याची गरज नव्हती.

कॅपरनिकचे वकील मार्क गेरागोस यांनी तक्रारीला दिलेला रोख म्हणूनच लक्षणीय आहे. शासनाच्या कार्यकारी शाखेने दिलेल्या पक्षीय चिथावणीमुळे खेळाडूंना रोजगार नाकारला जाऊ नये, अशी मांडणी त्यांनी केली होती. मालकांची भीती एकाच ठिकाणाहून आली, ती त्यांच्यात चर्चिली गेली आणि त्या चर्चेतून समान धोरण तयार झाले, ही साखळी जोडता आली तर स्वतंत्र निर्णयांचा बचाव कोसळतो. तक्रार खेळाडू संघटनेमार्फत न करता स्वतःच्या वकिलांमार्फत केली होती, हेही नोंदवले पाहिजे. संघटनेने पाठिंबा दिला, पण सूत्रे कॅपरनिकच्या हाती राहिली आणि त्यामुळे तडजोडीचा निर्णयही संघटनेचा नव्हे, त्याचाच राहिला.

जबान्या आणि ऑगस्ट २०१८चा आदेश

लवाद म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक स्टीफन बरबँक काम पाहत होते. तक्रार पुढे सरकली तसे लीगचे आयुक्त रॉजर गुडेल, डॅलसचे जेरी जोन्स यांच्यासारखे मालक आणि काही क्लबांचे अधिकारी यांच्या शपथेवर जबान्या झाल्या. एरवी ज्यांची वाक्ये प्रसिद्धी विभागाच्या चाळणीतून बाहेर येतात, अशा अब्जाधीशांना शपथेवर प्रश्नांना सामोरे जावे लागले. वॉल स्ट्रीट जर्नलने मे २०१८मध्ये दिलेल्या वृत्तानुसार जोन्स यांच्या जबानीत ट्रम्प यांच्याशी झालेल्या दूरध्वनी संभाषणाचा उल्लेख होता. हा मुद्दा आपल्याला राजकीयदृष्ट्या फायद्याचा आहे आणि यात तुम्ही जिंकू शकणार नाही, हे सर्वांना सांगा, असे राष्ट्राध्यक्षांनी त्यांना म्हटल्याचे त्यात होते. ‘सर्वांना सांगा’ हे शब्द संगनमताच्या तक्रारीत किती मोलाचे ठरतात, हे वकिलाला समजावून सांगावे लागत नाही. अर्थात निरोप पोहोचणे आणि त्यावर एकमत होणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढण्याचे काम तक्रारदाराकडेच होते.

त्याच मे महिन्यात लीगने नवे धोरण जाहीर केले. मैदानावर असलेल्या प्रत्येकाने राष्ट्रगीताला उभे राहावे, नको असेल त्याने आत थांबावे, आणि कोणी नियम मोडला तर क्लबाला दंड होईल. खेळाडू संघटनेने त्याविरुद्ध तक्रार केली आणि जुलैत दोन्ही बाजूंनी त्याची अंमलबजावणी थांबवली. कॅपरनिकच्या दाव्याशी या धोरणाचा थेट संबंध नव्हता. तरी या विषयावर क्लब एकत्र बसून समान भूमिका ठरवत होते एवढे त्यातून उघडच दिसत होते.

करारात अशी सोय आहे की कागदपत्रे आणि जबान्या गोळा करण्याचा टप्पा संपल्यावर, तक्रारदाराजवळचा पुरावा सुनावणी घेण्याइतकाही नाही असे लवादाला वाटले तर तक्रार तेथेच फेटाळता येते. लीगने तशी मागणी केली. ऑगस्ट २०१८च्या अखेरीस बरबँक यांनी ती नाकारली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा सांधा येथे बदलला. आदेशाचा अर्थ संगनमत सिद्ध झाले असा नव्हता. पण वर सांगितलेली कडक अट, म्हणजे केवळ प्रस्ताव न येणे आणि कौशल्य यांवर भागत नाही ही अट, लक्षात घेतली तर तक्रारदाराजवळ त्यापलीकडचे काही होते आणि ते पुढे तपासून पाहण्याजोगे होते, असा निष्कर्ष एका अनुभवी आणि तटस्थ कायदेपंडिताने काढलेला होता. लीगच्या वकिलांना तोवर हा दावा सुनावणीविना निकालात निघेल अशी आशा बाळगता येत होती. आता मालकांच्या उलटतपासणीचा दिवस खरोखर उगवणार होता.

त्यानंतर काही दिवसांतच नायकी कंपनीने कॅपरनिकला आपल्या मोठ्या जाहिरात मोहिमेचा चेहरा केले. हीच कंपनी लीगच्या सर्व क्लबांना गणवेश पुरवते. त्याला घेतल्याने व्यवसाय बुडतो, हा मालकांचा अनौपचारिक युक्तिवाद बाजारानेच कमकुवत केला.

तडजोड का झाली

लीगच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ होता. हरल्यास नुकसानभरपाईवर आणखी दंडात्मक रक्कम द्यावी लागली असती, आणि ठरावीक परिस्थितीत संगनमत सिद्ध झाल्यास सामूहिक करारच संपुष्टात आणण्याचा अधिकार खेळाडू संघटनेला मिळू शकला असता. जिंकल्यासही मालकांचे खासगी संभाषण सुनावणीत उलगडले असते आणि त्याच वेळी नव्या सामूहिक कराराच्या वाटाघाटी जवळ येत होत्या. अशा वेळी एखादी रक्कम देऊन कागदपत्रांचे गाठोडे बांधून ठेवणे लीगला परवडणारे होते.

खेळाडूंचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि पुरावा प्रबळ असला तरी निकाल निश्चित नव्हता. कॅपरनिक दोन मोसम मैदानाबाहेर होता. फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची उमेदीची वर्षे मोजकीच असतात. रीडची परिस्थिती वेगळी होती. त्याने मे २०१८मध्ये स्वतंत्र तक्रार केली होती, पण सप्टेंबरमध्ये कॅरोलिना पँथर्सने त्याला घेतले, तेथेही तो गुडघ्यावर टेकत राहिला आणि तडजोडीच्या काही दिवस आधी त्याच क्लबाने त्याला तीन वर्षांचा नवा करार दिला. निषेध करत राहूनही रोजगार मिळू शकतो हे त्याच्या उदाहरणाने दिसले. लीग हेच उदाहरण आपल्या बचावासाठीही वापरू शकली असती.

रकमेबद्दल सुरुवातीला फार मोठे आकडे हवेत फिरत होते. मार्च २०१९मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दोघांना मिळून एक कोटी डॉलरहून कमी रक्कम मिळाल्याचे वृत्त दिले. हा आकडा गृहीत धरला तर तो कटलरला एका मोसमासाठी मिळालेल्या रकमेपेक्षाही कमी भरतो. काहींनी यावरून कॅपरनिक विकला गेला अशी टीका केली, काहींनी दावाच पोकळ होता असा निष्कर्ष काढला. मला दोन्ही मते अन्यायकारक वाटतात. ज्याने २०१६मध्येच दहा लाख डॉलर सामाजिक संस्थांना देण्याचे जाहीर करून ते दिले आणि आपली कारकीर्द पणाला लावली, त्याच्यावर लोभाचा आरोप टिकत नाही. दावा पोकळ असता, तर ऑगस्टमध्ये सुनावणीविना जिंकता न आलेल्या लीगने उरलेली सुनावणी लढवून आपले नाव धुऊन घेतले असते, असेही म्हणता येते. तडजोड म्हणजे दोषाची कबुली नव्हे, हे कायद्याचे तत्त्व मान्यच आहे. पण त्याच तत्त्वाने ती निर्दोषत्वाचे प्रमाणपत्रही ठरत नाही.

माझा आक्षेप गोपनीयतेच्या अटीला आहे, आणि तो खेळाडूंवर नाही. खासगी लवाद ही व्यवस्थाच अशी आहे की तिच्यापुढे आलेली कागदपत्रे लोकांसमोर येत नाहीत. न्यायालयात तडजोड झाली तरी आधीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि आदेश बहुधा अभिलेखात राहतात. येथे जबान्या, संदेश आणि युक्तिवाद सगळेच आत राहिले. शासनाच्या प्रमुखाने खासगी मालकांवर दबाव आणून एका नागरिकाचा रोजगार रोखला का, हा प्रश्न दोन पक्षांच्या आपसातील देण्याघेण्याचा नाही. तो प्रत्येक अमेरिकी नागरिकाचा प्रश्न आहे. त्याविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा शपथेवर नोंदवला गेला आणि नंतर कराराने कुलूपबंद झाला. एका खेळाडूने स्वतःच्या खर्चाने आणि जोखमीने लढलेल्या लढ्याकडून त्याने सार्वजनिक चौकशीचेही काम करावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. ते काम ज्या संस्थांचे होते त्यांनी ते केले नाही.

तडजोडीनंतर

तडजोडीमुळे जुन्या दाव्यावर पडदा पडला, नोकरी मात्र मिळाली नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये लीगने अचानक कॅपरनिकसाठी अटलांटाजवळ क्लबांच्या निरीक्षकांसमोर सरावाचे आयोजन केले. त्याआधी त्याला सही करायला दिलेल्या हमीपत्राच्या भाषेवरून वाद झाला. दुखापतीच्या जबाबदारीपुरते मर्यादित असायला हवे असलेले हे पत्र भविष्यातील रोजगारविषयक दावेही सोडून द्यायला लावते, असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते, तर लीगने ते नेहमीचेच असल्याचे सांगितले. पत्रकारांना प्रवेश देण्यावरूनही मतभेद झाले. अखेर त्याने ऐनवेळी ठिकाण बदलून रिव्हरडेल येथील एका शाळेच्या मैदानावर, पत्रकारांच्या उपस्थितीत सराव केला आणि ठरलेल्यांपैकी मोजक्याच क्लबांचे प्रतिनिधी तेथवर आले. अनेकांनी याला हट्टीपणा म्हटले. ज्याचा पहिला दावा गोपनीयतेत संपला होता, त्याने दुसरा दावा हमीपत्रात गमावू नये म्हणून काळजी घेतली आणि या वेळी साक्षीदार हजर राहतील असे पाहिले, यात मला हट्ट दिसत नाही.

मे २०२०मध्ये मिनियापोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. ५ जूनला गुडेल यांनी चित्रफितीद्वारे, खेळाडूंचे आधी न ऐकणे ही आपली चूक होती, असे मान्य केले. त्या निवेदनात कॅपरनिकचे नाव नव्हते. पुढे काही क्लबांनी त्याच्याबद्दल चाचपणी केली, परंतु १ जानेवारी २०१७ रोजीचा सामना हाच त्याचा एनएफएलमधील शेवटचा सामना ठरला.

सुनावणी झाली असती तर काय हाती लागले असते, याचा थोडाफार अंदाज एका नंतरच्या प्रकरणावरून येतो. क्लीव्हलँड क्लबाने २०२२मध्ये डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलरचा पूर्णपणे हमीचा करार दिल्यावर इतर क्वार्टरबॅकना तशी हमी मिळू नये म्हणून मालकांनी संगनमत केले, अशी तक्रार खेळाडू संघटनेने त्याच संगनमतविरोधी तरतुदीखाली केली. लवाद क्रिस्टोफर ड्रोनी यांनी जानेवारी २०२५मध्ये दिलेल्या ६१ पानी निर्णयात लीगच्या व्यवस्थापनाने क्लबांना हमीच्या रकमा कमी करण्यास उत्तेजन दिल्याचे मान्य केले, पण क्लबांनी तसे आपसांत ठरवले हे पुरेसे सिद्ध झाले नाही, असे म्हटले. म्हणजे वरवर पाहता संघटना हरली. तरीही पराभवाच्या त्या निर्णयात मालकांमधील संदेशांचा ऊहापोह होता, साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवर निरीक्षणे होती आणि लीगच्या वर्तनाबद्दल एक ठाम निष्कर्ष होता. तो निर्णयदेखील दोन्ही बाजूंनी महिनोन्‌महिने गोपनीय ठेवला. जून २०२५मध्ये पत्रकारांनी तो मिळवून छापला तेव्हाच खेळाडूंना स्वतःच्या संघटनेने लढलेल्या तक्रारीचे काय झाले ते कळले.

कॅपरनिकच्या तक्रारीत असा निर्णयच लिहिला गेला नाही, म्हणून कोणा पत्रकाराला मिळवण्याजोगे पानही तेथे नाही. ज्या आहेत त्या शपथेवरच्या जबान्या, आणि त्या खुल्या करायच्या असतील तर तडजोडीवर सह्या केलेल्या दोन्ही बाजूंना तशी संमती द्यावी लागेल.